शाकुहाचीच्या उन्हाळी शिबिराला जाण्याआधी बासरीवाल्यांनी काय तयारी करावी?

कोमल_धैवत

जुलैत कोलोरॅडोच्या डोंगरात शाकुहाचीचं, म्हणजे उभ्या जपानी बांबूच्या बासरीचं, आठवडाभराचं निवासी शिबिर आहे. नवशिक्यांचा वेगळा गट असतो. आपली आडवी बासरी बऱ्यापैकी येते, शाकुहाची मात्र अजून हातात धरलेली नाही. प्रश्न असे: वाद्य बांबूचंच घ्यावं की प्लास्टिकचं चालेल? सहा आठवडे हातात आहेत, त्यात नेमकं काय घोटावं? जपानी लिपी यावी लागते का? आणि आपल्या सरगममध्ये हे वाद्य बसतं कसं?

'मनापासून वाजवा, आपोआप येईल' छाप सल्ले नकोत. मोजमापं सांगा.

---

पांढरी_दोन

नावातच माप आहे. शाकु म्हणजे ३०.३ सेंमी, हाची म्हणजे आठ, इथे आठ सुन. एक सुन म्हणजे शाकुचा दहावा भाग. एक शाकु आठ सुन, म्हणजे साधारण ५४.५ सेंमी. ही झाली प्रमाण लांबी, थोडक्यात १.८. तिचा सगळी भोकं बंद असतानाचा स्वर म्हणजे पेटीवरची पांढरी दोन. १.६ ची पांढरी तीन, २.४ ची खालची पांढरी सहा. शिबिरात गटाने वाजवायचं असतं, म्हणून १.८ च घ्या. लांब वाद्याच्या धीरगंभीर आवाजाच्या मोहात पडून २.४ घेऊन जाणारा आठवडाभर एकटाच वेगळ्या पट्टीत बसतो.

भोकं पाच. चार पुढे, एक मागे अंगठ्याचं. मोजणी खालून वर, तळाचं १ आणि अंगठ्याचं ५. आपण बासरीत वरून मोजतो, त्यामुळे शिक्षक 'एक उघडा' म्हणाले की हात हमखास चुकीच्या जागी जातो. पहिल्याच दिवशी कागदी पट्टीवर आकडे लिहून वाद्यावर चिकटवा, लाज वाटून घेऊ नका.

धरायची पद्धत: वरच्या हाताचा अंगठा ५ वर, तर्जनी ४ वर, अनामिका ३ वर. खालच्या हाताची तर्जनी २ वर, अनामिका १ वर. दोन्ही मधली बोटं कोणत्याही भोकावर नसतात, ती भोकांच्या मध्ये नळी पेलतात. खालचा अंगठा मागून आधार देतो. वाद्याचं वजन या दोन मधल्या बोटांवर आणि खालच्या अंगठ्यावर यायला हवं. ते जमलं नाही की भोकांवरची बोटं वजन उचलायला जातात, आवळतात आणि स्वर गळतो. सगळी भोकं उघडी ठेवून नळी हातात स्थिर राहते का, ही त्याची सोपी परीक्षा.

आता मुख्य अडचण. बासरीत फुंकायचं भोक वेगळं असतं आणि नळीचं ते टोक बुचाने बंद असतं. शाकुहाचीचं वरचं टोक सताड उघडं असतं. ते बंद करायचं काम तुमच्या हनुवटीचं आणि खालच्या ओठाचं. मागची कड खालच्या ओठाखालच्या खळग्यात टेकते, पुढे तिरकी कापलेली धार असते (तिला उतागुची म्हणतात), आणि ओठ ते धार एवढीच फट उघडी राहते. फुंक धारेवर फुटायला हवी, थोडी आत, थोडी बाहेर. बाजूने हवा गळली की कितीही फुंका, नुसता फसफस आवाज.

क्रम असा ठेवा. आरशासमोर बसा. नळी अंगापासून साधारण ४५ अंशांवर. ओठ ताणून हसल्यासारखे नकोत, गरम दुधावर फुंकर मारताना असतात तसे सैल, फट तांदळाच्या दाण्याएवढी. बोटं न लावता, सगळी भोकं उघडी ठेवून धार शोधा. वाद्य मधल्या सांध्यात सुटणारं असेल तर पहिले काही दिवस फक्त वरचा अर्धा भाग घ्या, वजन कमी असल्यामुळे हनुवटी हलत नाही. स्वर सापडला की नळी मिलिमीटरभर वर-खाली, डावी-उजवीकडे करून सर्वांत भरीव आवाज कुठे येतो ते हुडका आणि तीच जागा पुन्हा पुन्हा, नळी तोंडापासून काढून परत लावून, गाठा. नवशिक्याचं खरं काम हेच आहे. मग वरून एकेक भोक झाकत खाली या. सगळी बंद असतानाचा 'रो' शेवटी. पाचांतलं एक बोट जरी केसभर सरकलं तरी रो येत नाही. पहिल्या दिवशी रो काढायचा हट्ट धरणारे दोन दिवस फुकट घालवतात.

एका बैठकीला पाच-सात मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. सलग अर्धा तास फुंकलंत तर डोकं गरगरतं. श्वास गरजेपेक्षा जास्त आणि भरभर सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून ते होतं. थांबायचं, नाकाने हळू श्वास घ्यायचा. कोलोरॅडोच्या उंचीवर हे लवकर होतं, तेव्हा पोहोचल्याच्या दिवशी जोर करू नका.

---

मुरकी

बासरीतल्यासारखं अर्धं भोक उघडून मधले स्वर काढता येतात ना? मग हनुवटीचं एवढं काय?

---

पांढरी_दोन

येतात, पण एकट्या बोटाने काढलेला तो स्वर शाकुहाचीचा नव्हे. मान खाली घातली की ओठ धारेच्या जवळ येतो, फट झाकली जाते, स्वर उतरतो. याला मेरी म्हणतात. मान वर केली की स्वर चढतो, ती कारी. बोट आणि मान दोन्ही मिळून मधला स्वर घडवतात.

बासरीवाल्याला पटायला जड जाणारा भाग पुढे आहे. मेरीचा स्वर उघड्या स्वरापेक्षा मुद्दाम बारीक, झाकोळलेला असतो. आपण बासरीत कोमल आणि शुद्ध एकाच वजनाचे, एकाच गोलाईचे निघावेत म्हणून वर्षं घालवतो. इथे तसं 'सुधारायला' गेलात तर शिक्षक थांबवतील. कोमल रिषभ दबलेला आणि त्यानंतरचा षड्ज भरून उघडलेला, हा उजेड-सावलीचा खेळ म्हणजेच रचना. शिबिराआधी एकच गोष्ट घोटायची असेल तर बोटं सोडा आणि मान घोटा. बोटं तुमच्याकडे आहेतच.

त्सु-मेरी हा पहिला मेरी स्वर, काळी दोन. त्सु म्हणजे तळाचं भोक उघडल्यावर येणारी पांढरी चार, तिथून एक पूर्ण स्वर खाली यायचं आहे. तळाचं भोक बरंचसं झाकायचं, किंचित फट ठेवायची, हनुवटी खाली. दोन चुका ठरलेल्या. पहिली: फक्त बोट झाकणं आणि मान जागेवर. मग स्वर पांढऱ्या तीनच्या आसपास अडकतो. दुसरी: मान खाली जाते पण ओठांची फट तेवढीच राहते. मग फुंक धारेच्या खाली जाते आणि आवाज मरतो. मान उतरेल तशी ओठांची फट बारीक करायची, फुंकेचा झोत अरुंद. मोबाइलवरचा ट्यूनर समोर ठेवा: रो २९४ हर्ट्झ, त्सु ३४९, त्यामधली त्सु-मेरी ३११. सुरुवातीला सुई ३२० च्या खाली उतरतच नाही. आठवडाभर रोज दहा मिनिटं दिली की उतरायला लागते.

---

ओसाकाकर

'कुबिफुरी सान्नेन, कोरो हाचिनेन' अशी जपानीत म्हणच आहे. मान हलवायला तीन वर्षं, कोरो यायला आठ. कोरो म्हणजे तळाची दोन भोकं आलटून-पालटून भराभर उघडत काढलेली घुंगरासारखी सळसळ. सहा आठवड्यांत मान येणार नाही, पण कुठली मान, हे कळेल.

लिपीबद्दल. घाबरू नका, संपूर्ण जपानी शिकायची गरज नाही. काताकाना लिपीतली जेमतेम दहा अक्षरं लागतात. रो म्हणजे नुसता चौकोन. रे म्हणजे शाळेत बरोबरची खूण करतात तशी एकच रेघ. त्सु म्हणजे दोन छोटे तिरके ठिपके आणि एक लांब फराटा. ची आणि री दोन दिवसांत पाठ होतात. मजकूर उभा, उजवीकडून डावीकडे. इथे बहुतेकांचा डोळा पहिल्या ओळीनंतर सवयीने उजवीकडे पळतो, म्हणून ओळींना पेन्सिलने क्रमांक द्या.

घराणं आधी विचारून घ्या, कारण लेखन त्यावर ठरतं. मुख्य दोन. किन्को-र्‍यू हे कुरोसावा किन्को (१७१०–१७७१) यांच्यापासून चालत आलेलं. तोझान-र्‍यू हे नाकाओ तोझान यांनी १८९६ मध्ये ओसाकात काढलेलं. किन्कोत पाच मूळ स्वर रो, त्सु, रे, ची, री. तोझानमध्ये पाचव्याला हा म्हणतात. किन्कोत मात्रा दाखवायला अक्षराच्या उजव्या-डाव्या बाजूला आळीपाळीने ठिपके येतात. तोझानच्या कागदावर मात्रांचे विभाग आडव्या रेघांनी पाडलेले असतात, आपल्या भातखंडे पद्धतीच्या वहीची सवय असेल तर तोझान सोपं वाटतं. वाद्य बघूनही घराणं ओळखू येतं: उतागुचीत बसवलेला शिंगाचा तुकडा किन्कोत कोनदार, तोझानमध्ये चंद्रकोरीसारखा. वाजवायला मात्र दोन्ही दोन्हींना चालतात.

शिबिरात चार शिक्षक असतील तर एकच रचना चार तऱ्हांनी ऐकायला मिळेल. 'काल त्यांनी असं सांगितलं होतं' हे वाक्य टाळा. जयपूरवाल्यासमोर किराण्याचा दाखला देण्यासारखं आहे ते. वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने ज्याचं त्याचं लिहून घ्या.

---

फुंकर

सरगमचा प्रश्न राहिला, तो घेतो. माझ्या मते यातच बासरीवाल्याची चैन आहे.

तळापासून एकेक भोक उघडत गेलं की स्वर येतात: पांढरी दोन, चार, पाच, सहा आणि वरची एक (रो, त्सु, रे, ची, री). रो ला सा धरला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा धानी. त्याच पाच भोकांवर सा सरकवा:

त्सु ला सा धरला की सा रे ग प ध, भूप. रे ला सा धरला की सा रे म प आणि कोमल नी, मध्यमाद सारंगाचे स्वर. ची ला सा धरला की सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे चक्क मालकंस. री ला सा धरला की सा रे म प ध, दुर्गा.

तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी चारवर लावा आणि मान न हलवता भूप वाजवा. पहिल्या तीन आठवड्यांत बोटं आणि फुंक बसवायला यापेक्षा चांगला रियाज नाही, कारण कान आधीच तयार आहे. स्वर चढा-उतरा गेला की लगेच टोचतो.

नावांचा एक सापळा आहे. शाकुहाचीतला 'रे' म्हणजे रिषभ नव्हे. रो ला सा धरलात तर तो मध्यम आहे. कागदावर रे दिसला की मराठी डोकं आपोआप रिषभाकडे जातं. त्या आठवड्यापुरतं सरगम बाजूला ठेवा आणि त्यांचीच नावं गा.

---

ओसाकाकर

सहमत, पण थोडी भर. भूप वाजवून झाल्यावर तिथेच रमू नका. जपानी रचनांचा मोठा भाग मियाको-बुशी या स्वरमालेत आहे: पांढरी दोन, काळी दोन, पांढरी पाच, पांढरी सहा, काळी पाच. आपल्या भाषेत सा, कोमल रे, म, प, कोमल ध, म्हणजे गुणक्रीचे स्वर. यातला कोमल रे आणि कोमल ध दोन्ही मेरीचे. म्हणजे उघड्या भोकांवरचा धानी ही फक्त पाटी-पेन्सिल. लिहायचं असतं ते या दोन झाकलेल्या स्वरांनी. 'साकुरा' ही सगळ्यांना माहीत असलेली चाल याच मालेतली आहे, नवशिक्यांना बहुधा तीच देतात.

आणि गुणक्रीचा भाव आणू नका. कोमल रिषभावर आंदोलन घेण्याची सवय दाबून ठेवा. त्यांच्याकडे कंप घेतात तो 'युरी', मानेने, आडवा किंवा उभा, आणि तो सांगितलेल्या जागीच घ्यायचा.

---

मुरकी

जिभेने त-त करून स्वर तोडायचे का? बासरीत आम्ही करतो.

---

पांढरी_दोन

किन्कोत नाही. एकच स्वर दोनदा आला तर मध्ये जीभ न लावता बोटाने झटका देतात: एखादं भोक क्षणभर उघडून मिटायचं, किंवा उघड्या भोकावर टिचकी मारायची. कुठल्या स्वराला कुठलं बोट, हे ठरलेलं आहे, ते शिबिरात शिकवतील. तोवर एवढंच करा: कुठलाही पलटा जीभ न लावता, एका श्वासात. जिभेची सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून आत्तापासून.

मुराइकी हा फुंकेचा स्फोट ऐकून सगळ्यांना पहिल्याच दिवशी करावासा वाटतो. त्याने ओठ घट्ट होतात आणि रो जातो. राहू द्या.

---

कोमल_धैवत

उत्तम. आता वाद्य? बांबूची शाकुहाची महाग दिसते आहे.

---

तडकलेला_वेळू

शिबिरासाठी प्लास्टिक. कारण किंमत हे एक, आणि कोलोरॅडोची हवा हे दुसरं.

चांगली शाकुहाची मादाके जातीच्या वेळूच्या मुळाकडच्या भागातून करतात, साधारण सात पेरं येतील असा तुकडा निवडून. थंडीत तोडलेला वेळू निखाऱ्यावर शेकून त्यातलं तेल बाहेर काढतात, पुसतात, उन्हात वाळवतात आणि मग काही वर्षं नुसता ठेवून देतात. आजकालच्या बहुतेक वाद्यांत नळीच्या आतून दगडाची भुकटी आणि उरुशी हे जपानी रोगण यांचा लेप देऊन आतला आकार नेमका केलेला असतो. हा लेप एका बाजूला, वेळूची बाहेरची साल दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही ओलाव्याने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात. दमट हवेतलं वाद्य अचानक कोरड्या डोंगरात गेलं, वर आतून श्वासाची वाफ आणि बाहेरून कोरडा वारा, की वेळू लांबीच्या दिशेने तडकतो. तडकतानाचा 'टक' आवाज खोलीभर ऐकू येतो.

म्हणून नवशिक्याने 'यू' नावाची एबीएस प्लास्टिकची शाकुहाची किंवा तसलंच काही घ्यावं. भोकं जागेवर असतात, स्वर खरा असतो, पावसात भिजली तरी चालते. आवाजाला बांबूची धग नाही, पण पहिल्या वर्षात ती धग आणणारा फुंकणारा नसतोच. ऑनलाइन बाजारात 'शाकुहाची' म्हणून विकली जाणारी स्वस्त बांबूची शोभेची नळी मात्र घेऊ नका. तिची रो-त्सुची जोडीच जुळत नाही, आणि चूक तुमची की वाद्याची हे कळायला मार्ग नसतो.

ज्यांच्याकडे बांबूचं आहे त्यांच्यासाठी: वाजवून झालं की आतून कापड ओढून पुसा, धारेला घासू देऊ नका. मग बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, बरोबर ओलावा राखणारी छोटी पुडी. उन्हातल्या गाडीत नाही, एसीच्या झोतासमोर नाही, विमानात सामानाच्या पोटात नाही. मधला सांधा उघडताना पिळत ओढा, डावी-उजवीकडे वाकवू नका. अडकला तर जोर लावू नका, हवा कोरडी झाल्यावर आपसूक सैल होतो.

संशय आला तर परीक्षा: पाचही भोकं बंद, तळ तळहाताने घट्ट झाका, वरून तोंड लावून हलकेच हवा ओढा. ओठाला ओढ धरून राहिली तर ठीक, लगेच सुटली तर कुठेतरी गळती. तडा सापडला की स्वयंपाकघरातली चिकटणारी पारदर्शक फिल्म त्यावर ताणून चार-पाच वेढे. तेवढ्यावर आठवडा निघतो. फेव्हिक्विकसारखं काही ओतू नका. ते आत झिरपतं, तडा उघड्या अवस्थेत गोठतो आणि नंतर कारागिराला तो मिटवून दोऱ्याने बांधता येत नाही.

जुनं वाद्य कुणी दिलं तर धारेतला तुकडा शिंगाचा आहे की हस्तिदंताचा ते आधी विचारा. हस्तिदंत घेऊन आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जाणं म्हणजे वाद्य गमावण्याची तयारी.

---

फुंकर

प्लास्टिकसाठीही थांबायचं नसेल तर पीव्हीसी नळी. भारतात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात पाऊण इंची जाड भिंतीची नळी मिळते, आतला व्यास सुमारे २० ते २१ मिमी. ५४.५ सेंमी कापा.

धार: वरच्या टोकाला पुढच्या बाजूने, नळीच्या अक्षाशी ३० अंशांनी कानशीने तिरकं घासत जा. नळीची आतली कड ३ ते ४ मिमी खाली गेली आणि वरून बघितल्यावर काप साधारण ११ ते १३ मिमी रुंद दिसला की थांबा. याहून खोल घासलं तर स्वर चढा आणि फुसका होतो, भर घालता येत नाही, नळी कापून नव्याने सुरुवात. आतल्या बाजूने धार अजिबात घासू नका, ती तीक्ष्णच हवी. मागची, हनुवटीला लागणारी कड मात्र पॉलिश पेपरने गोल करा, नाहीतर दोन दिवसांत वळ उठतो.

भोकं: जुना हिशेब असा की लांबीचे दहा भाग करायचे, तळापासून दोन भागांवर पहिलं भोक, मग एकेका भागावर पुढची तीन, अंगठ्याचं चौथ्यापेक्षा अर्धा भाग वर. हा हिशेब आजच्या पट्टीला जरा खाली पडतो. १० मिमीच्या भोकाला पहिलं साधारण १२ सेंमीवर नेलं तर त्सु जागेवर येतो. सगळी भोकं आधी ६ मिमीच्या बिटने पाडा आणि ट्यूनर लावून गोल कानशीने मोठी करत न्या. भोक मोठं केलं की स्वर चढतो. वरच्या काठाला घासलं तर जास्त चढतो. चुकून चढलाच तर वरच्या काठाला आतून थोडं मेण. खालून वर या, कारण वरच्या भोकांचा स्वर खालची भोकं केवढी उघडी आहेत यावर ठरतो.

ही नळी शिबिरात मिरवायला नाही, पण ओठ आणि मान बसवायला पुरते. सारखी आतबाहेर घासून बिघडली तरी हळहळ नाही.

---

मुरकी

सकाळी सगळ्यांचे स्वर वेगवेगळे का लागतात? तानपुऱ्याला जुळवलेलं असूनही?

---

फुंकर

तापमान. नळीतली हवा १ अंश सेल्सिअसने तापली की स्वर साधारण ३ सेंट चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). डोंगरातल्या सकाळी १२ अंश आणि दुपारी २७, म्हणजे ४५ सेंट, जवळजवळ अर्ध्या स्वराचा अर्धा. शाकुहाचीला जुळवायची खुंटी नसते. म्हणून सकाळी वाजवण्याआधी पाच मिनिटं सगळी भोकं झाकून नळीत नुसती तोंडाची ऊब सोडायची, आणि मग उरलेला फरक मानेने. जपानी गट पांढरी सहा ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झला लावतात, हेही अ‍ॅपमध्ये बदलून घ्या. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीने मात्र स्वर बदलत नाही, दम तेवढा बदलतो.

---

ओसाकाकर

शिबिराचा दिवस बहुधा रो-बुकीने सुरू होतो. सगळे एकत्र, एकच रो, श्वास संपेपर्यंत, पुन्हा रो. दहा ते वीस मिनिटं. आपल्या खर्जाच्या रियाजासारखंच. मग पातळीप्रमाणे गट, दुपारी एखादी दुरुस्तीची किंवा इतिहासाची बैठक, संध्याकाळी मैफल. शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यांनाही वाजवायला लावतात. नवशिक्याने होन्शिराबेसारखी छोटी, संथ रचना मागून घ्यावी. चाल छोटी असली तरी एकेका श्वासाचं काम भरपूर आहे.

रचनांचे दोन वर्ग कानावर येतील. होन्क्योकु या मूळच्या शाकुहाचीच्या, बहुतेक एकल आणि ठेक्याविना. सान्क्योकु म्हणजे कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांबरोबरच्या, तिथे मात्रा पक्की. होन्क्योकुचा उगम कोमुसो या भिक्षूंकडे, विणलेली टोपलीसारखी टोपी डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून फिरणारे. त्यांच्या पंथाचं नाव फुके. मराठी माणसाला लगेच फुंकणं आठवतं, पण संबंध नाही. पुहुआ या चिनी साधूच्या नावाचा तो जपानी उच्चार आहे. मेइजी सरकारने १८७१ मध्ये हा पंथच बंद केला, आणि वाद्य मठातून मैफलीत गेलं.

जाण्याआधी एवढं ऐकून जा: यामागुची गोरो यांनी वाजवलेलं 'त्सुरु नो सुगोमोरी'. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीवर ते आहे. त्याच तबकडीवर आपल्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहां हो'. गोव्याच्या केरी गावची गायकी आणि क्रौंचांच्या घरट्यावरचं हे शाकुहाचीवादन एकाच तबकडीवर सूर्यमालेबाहेर चाललं आहे.

---

तडकलेला_वेळू

सामानात: दोन पेन्सिली, खोडरबर, कागद उडू नयेत म्हणून कपड्यांचे चार चिमटे (डोंगरात बाहेर बसवतात, वारा असतो), छोटा आरसा, पुसायचं कापड, पाण्याची बाटली. ओठ फुटतात म्हणून मलम न्या, पण वाजवण्याआधी पुसून टाका, ओठ धारेवरून घसरतो. मिशीचे केस ओठावर येत असतील तर कात्री. हनुवटीवर दाढी राखणाऱ्यांनी खळग्यातली तेवढी काढलेली बरी, गळतीचं ते एक गुपचूप कारण असतं.

---

कोमल_धैवत

शेवटचं. आठ आठवड्यांत रो नाही आला तर शिबिराला जाऊ नये का? (सहा म्हणालो होतो, शिबिर पुढे ढकललंय.)

---

पांढरी_दोन

जा. फक्त ची आणि रे हे दोन स्वर भरीव येत असतील तरी नवशिक्यांच्या गटात बसता येतं. बहुतेकांचा रो अडतो तो तळाच्या अनामिकेमुळे. तिची शेवटची पेरं वळवून टोकाने भोक दाबलं जातं आणि कडेने हवा सुटते. बोट सरळ ठेवून पेराच्या मांसल भागाने झाका. त्सु येतोय आणि रो येत नाही असं असेल तर दोष ओठात शोधू नका, आधी तेच बोट बघा.